लाल पोपट, हिरवी डाळिंबं

ही गोष्ट मी आजवर कुणापुढे काढलेली नाही. काढायची वेळ दोन-तीनदा आली होती — प्रत्येक वेळी मी विषय बदलला. आज तुम्हाला सांगतो. सरळ सांगणं जमेल की नाही, माहीत नाही.

आधी राजय्याअण्णा. सत्तरच्या दशकात सोलापुरात त्यांचं काचेचं लहानसं दुकान होतं. मी मंगळवेढ्याहून कॉलेजसाठी आलो, तेव्हा राहायला जागा नव्हती. त्यांनी दुकानाचा माळा दिला. आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढे कुणी गेलं नव्हतं. मी बी.ए. झालो तो त्या माळ्यावर बसून — हे मी लोकांना नेहमी सांगतो. पुढचं सांगत नाही.

माझा हात चित्रकलेत बरा होता. अण्णा खिडक्यांना साध्या काचा बसवायचे. मी नक्षी काढू लागलो आणि आम्ही घरांसाठी रंगीत काचेची तावदानं करू लागलो. मी खऱ्या मापाचं चित्र काढायचो. त्यावर काच ठेवून ते एकेक तुकडा हिरकणीने, म्हणजे हिऱ्याचं टोक बसवलेल्या कलमाने, कापायचे, शिशाच्या पट्टीत बसवायचे. तशी गोलाई कापणारा माणूस मी नंतर पाहिला नाही.

पण त्यांना लाल आणि हिरवा वेगळा दिसत नव्हता.

त्यांचं घराणं सूत रंगवणाऱ्यांचं. त्यांनी तो धंदा का सोडला, हे सख्ख्या भावालाही ठाऊक नव्हतं. मला एकट्याला त्यांनी सांगितलं — का सांगितलं असेल? "तू आकडा टाक. मी आकडा बघून कापतो की," एवढंच म्हणाले. काचांच्या पेट्यांवर मी आकडे रंगवले : लाल एक, हिरवी दोन. चित्रातल्या प्रत्येक तुकड्यात आकडा. तीन वर्षं एकही चूक झाली नाही.

मग एका चादर कारखानदारांच्या नव्या घराचं काम आलं. दारावरच्या कमानीत डाळिंबाची फांदी, तिच्यावर पोपट. त्याच आठवड्यात माझा निकाल लागला. मी घाईघाईत आकडे टाकले आणि पेढे घेऊन गावी गेलो. परतलो तो थेट वास्तुशांतीला. तावदानावर चिकटवलेलं वर्तमानपत्र तेव्हाच काढलं. ऊन आत आलं — पोपट लाल, डाळिंबं हिरवी.

घरच्या सूनबाई म्हणाल्या, "पोपट पिकलाय, डाळिंब कच्चंच राहिलंय की." माणसं हसली. मालक हसले नाहीत. हे कुणाचं काम, त्यांनी विचारलं.

मला बघताक्षणी कळलं होतं. आकडे मीच उलटे टाकले होते. माझं चुकलं — एवढंच तर म्हणायचं होतं. काय झालं असतं? पण पाचच मिनिटांपूर्वी अण्णांनी सगळ्यांना सांगितलं होतं, हा आमचा ग्रॅज्युएट.

"अण्णांना लाल-हिरवं कळत नाही," मी म्हणालो.

सगळ्यांसमोर. त्यांचा भाऊ तिथेच उभा होता. अण्णा नुसते वर तावदानाकडे बघत राहिले — आणि त्यांना त्यात काय दिसत होतं?

मी त्यांच्या आधी दुकानात पोचलो. माझे आकडे असलेला चित्राचा कागद काढला आणि फाडून त्याचे बारीक तुकडे केले. घाबरून केलं, असं म्हणता येईल का? नाही. हात अगदी स्थिर होता.

नवं तावदान दुसऱ्या कारागिराने केलं, नक्षी माझीच. माझं नाव झालं. अण्णांकडे रंगीत काम कुणी आणेना; पुढे त्यांनीच पेट्या बांधून ठेवल्या. साधा आरसा कापायचा तरी तीन-तीनदा मापायचे. मी माळ्यावरून बघायचो.

मला शाळेत ड्रॉइंग मास्तरची नोकरी लागली. निघायच्या दिवशी ते माझी ट्रंक घेऊन एस.टी. स्टँडवर आले. गाडी लागली तेव्हा म्हणाले, "त्या दिवशी माझाच हात दुसऱ्या पेटीत गेला असंल. माझ्यापायी तुझी मान खाली गेली. मनात ठिवू नको."

"जाऊ द्या, अण्णा," मी म्हणालो. "होतं असं."

मी त्यांना माफ केलं. आणि त्यांना बरं वाटलं.