पानाला लावलेला गाल

रेवदंड्याला आमच्या शाळेमागे एका माळ्याची पानवेलींची वाडी होती. विड्याची पानं गावभर पोचवायचा, पण स्वतः कधी पान खात नसे. भर दुपारी तो वेलीपाशी उकिडवा बसायचा, एक पान न तोडता उलटं करायचा आणि त्याच्या पाठीला आपला गाल लावायचा. पान गार लागलं तर उठून निघून जायचा. गरम लागलं तर वेलींना पाणी द्यायला विहिरीच्या रहाटाला रेडा जुंपायचा.

मी शाळामास्तर. एकदा हातात भिंग घेऊन मोठ्या ऐटीत त्याला सांगितलं, की पानाच्या पाठीला बारीक तोंडं असतात, त्यांतून वाफ जाते म्हणून पान गार राहतं आणि पाणी कमी पडलं की झाड ती तोंडं मिटून घेतं.

"व्हय मास्तर," तो म्हणाला, "मिटली का तापनारच."

मला माझ्या भिंगाची लाज वाटली.

त्या चैत्रात माझी धाकटी लेक तापानं फणफणली. तिसऱ्या सकाळी तो पानं द्यायला आला, तिला पाहिलं आणि सरळ आत येऊन तिच्या कपाळाला गाल लावला.

"तोंडं मिटलीत अजून," म्हणाला आणि उंबऱ्यापाशी बसून राहिला. जा म्हटलं तरी हलला नाही.

दुपार कलताना त्यानं पुन्हा गाल लावला. उचलला तेव्हा तो तिच्या घामानं ओला झाला होता.

"उघडली, मास्तर."

गाल न पुसताच तो वाडीकडे धावला. त्या दुपारी पानांना गाल लावायला कुणीच गेलं नव्हतं.