ताईची खोकी

माझा राग नाकावर असतो हे आमच्या रस्त्यावर सगळ्यांना ठाऊक आहे. माझ्या थोरल्या बहिणीला राग येतच नाही, आणि ते जास्त जड जातं हे फक्त पार्सलवाल्यांना ठाऊक आहे.

मी व्हायोलिन दुरुस्त करतो. दुरुस्त झालेलं वाद्य खोक्यात घालून ज्याचं त्याला सुखरूप पोचवायचं काम ताईचं. आमची गिऱ्हाइकं लांबलांबच्या गावांतली, त्यामुळे वाद्यं पार्सलनं येतात आणि पार्सलनंच जातात. ताई आधी कपबश्यांच्या कारखान्यात पॅकिंगला होती. कारखाना बंद पडला तेव्हा मी तिला म्हटलं, "माझ्याकडे ये. दोन-चार खोकी बांधायची, अधूनमधून चहा करायचा, बास." ती आली. चहा आजतागायत मीच करतो.

आमच्याकडे येणारी वाद्यं कशी बांधून येतात ते बघितलं तर कोणाचंही डोकं फिरेल. कोणी वर्तमानपत्रात गुंडाळतं, कोणी जुन्या चादरीत. एका शहाण्यानं चेलोभोवती, म्हणजे थोरल्या व्हायोलिनभोवती, घरातल्या सगळ्या उशा बांधल्या होत्या आणि मान मात्र मोकळी सोडली होती. ती मोडूनच आली. अशा वेळी मी पार्सल कंपनीच्या नावानं शंख करत बसतो. ताई खोकं उलटंपालटं करून बघते आणि म्हणते, "अरे छोट्या, त्यांनी पाडलं. पाडणारच की. दिवसभर ओझी उचलून हात राहतात का जागेवर? बांधणाऱ्यानं ते धरून चालायला नको?" माझे केस पिकले, तरी मी छोट्याच आहे.

खोकं पडणार, हे धरून चालायचं, एवढंच तिचं शास्त्र. तारा थोड्या सैल करायच्या, पण साफ सोडायच्या नाहीत, कारण व्हायोलिनच्या पोटात एक लाकडी काडी नुसत्या दाबावर उभी असते आणि तारा सुटल्या की ती आडवी होते. तारा ज्या घोडीवर टेकतात तिच्या दोन्ही बाजूंना मऊ फोम लावायचा. व्हायोलिन पेटीत हलता कामा नये, पेटी खोक्यात हलता कामा नये, आणि ते खोकं आणखी मोठ्या खोक्यात, सगळ्या बाजूंनी भरण घालून बसवायचं. मग ताई ते मोठं खोकं मांडीवर घेऊन हलवते आणि कान लावते. आत जरा खुट्ट झालं तर पुन्हा सगळं सोडते. मी घाई केली तर म्हणते, "तू वाजतं करायचं, मी गप्प करायचं. आपापलं काम बघ."

'नाजूक वस्तू, जपून हाताळा' असली लाल चिठ्ठी ती खोक्याला लावू देत नाही. तिचं म्हणणं, ती वाचून कोणी हळू ठेवत नाही. उलट एखादा सकाळी घरी भांडून आलेला असतो, त्याला काहीतरी आपटायचंच असतं. त्याला आपण आयतं कशाला दाखवून द्यायचं?

आणि मग बिचारी. बिचारी हे एका जुन्या, कुठल्याही दुरुस्तीच्या पलीकडे गेलेल्या व्हायोलिनचं नाव. ती कायम एका खोक्यात बांधलेली असते आणि ते खोकं आमच्या जिन्याच्या वरच्या पायरीपाशी उभं असतं. वर्कशॉप वर, दार खाली, मधे हा उभाच्या उभा लाकडी जिना. नव्या प्रकारचा फोम आला किंवा ताईला बांधायची नवी तऱ्हा सुचली की बिचारीला तसं बांधायचं आणि जिन्यावरून खाली ढकलून द्यायचं. पार्सल कंपनीचा नवा माणूस आला की त्यालाही हा खेळ दाखवायचा. खोकं धडधडत खाली जातं, ताई मागोमाग शांतपणे उतरते, खोकं उघडते, आणि बिचारीची घोडी उभीच्या उभी असते. आमच्याकडे रोज येणारा ड्रायव्हर पहिल्यांदा हे बघून म्हणाला होता, "ताई, तुम्ही मला बांधा एकदा. घरी बायकोपुढे उभा राहतो."

आता माझ्याबद्दल. इतकी वर्षं मी दुसऱ्यांची व्हायोलिन बरी केली. स्वतःचं असं एकच केलं, पहिल्या लाकडापासून शेवटच्या पॉलिशपर्यंत, आणि त्यात दोन हिवाळे गेले. ते अजून कोरं, पॉलिशशिवाय भिंतीवर टांगलेलं असताना एक वादक बाई स्वतःचं वाद्य न्यायला आल्या होत्या. त्यांनी माझ्यावर बोटानं टकटक करून बघितलं, म्हणजे माझ्या व्हायोलिनवर, पण मला ते माझ्यावरच वाटलं. म्हणाल्या, "पूर्ण झालं की पाठवा. कार्यक्रमात वाजवून बघते. पटलं तर ठेवून घेईन." त्यांच्या मोठ्या कार्यक्रमाचा शनिवार ठरला होता. त्यांना पटलं तर मी व्हायोलिन करणारा. नाहीतर दुरुस्ती करणारा, होतो तसाच.

त्या आठवड्यात मी सगळ्यांवर खेकसत होतो. बायकोनं माझ्याशी बोलणं सोडलं आणि त्याचा तिला आरामच पडला. ताईनं माझं व्हायोलिन बांधलं, सोडलं, परत बांधलं. कान लावून ती इतका वेळ बसली की मला वाटलं डोळा लागला.

मंगळवारी ड्रायव्हर आला तो एका साहेबांना घेऊनच. पार्सल कंपनीच्या आमच्या भागाच्या ऑफिसात नव्यानं आलेले, इस्त्रीचा शर्ट, हातात फाइल. वर येऊन म्हणाले, "वाईट वाटतं सांगायला, पण उद्यापासून आम्ही वाद्यं घेणार नाही. फार फुटतात. आजचं शेवटचं समजा."

मी तोंड उघडणार एवढ्यात ताईनं मला चहाकडे पिटाळलं. "साहेब, बसा. फुटतात कोणाची? आमचं एक तरी फुटलंय?"

"तुमचं नसेल हो, पण नियम सगळ्यांना सारखा."

"नियम तुमचा, जिना आमचा. इकडे या."

ताईचं तोंड सुरू झालं की तिला बाकी भान राहत नाही. साहेबांना तिनं जिन्याच्या तोंडाशी उभं केलं, खोकं पायानं पुढे सरकवलं आणि सोडलं. धड, धड, धड करत ते खालच्या भिंतीवर आपटलं. साहेबांनी डोळे मिटून घेतले. "आता तुम्ही," ताई म्हणाली, आणि मी, चहाचा ट्रे हातात घेऊन मजा बघत उभा असलेला मी, ट्रे टेबलावर ठेवून खाली गेलो आणि ते खोकं स्वतः वर आणून दिलं. साहेबांनी आधी नको नको केलं, मग हळूच ढकललं, तर ते दुसऱ्याच पायरीवर अडलं. "असं नाही," मी म्हटलं, "तुमची माणसं टाकतात तसं टाका." मग मात्र त्यांनी बाह्या सारल्या. एवढा आनंद त्या माणसाला ऑफिसात कधी झाला नसावा.

खाली जाऊन ताईनं खोकं उघडलं. मोठं खोकं, भरण, लहान खोकं, पेटी. पेटीचं झाकण वर झालं आणि आत मधाच्या रंगाचं, नवंकोरं, माझं व्हायोलिन होतं.

ट्रे मी वरच ठेवून आलो होतो म्हणून वाचला. ताई पायरीवर बसली. "दारापाशी लोकांचे पाय लागतात," ती स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली, "म्हणून तुझं मी वर ठेवलं होतं. माझ्या नजरेसमोर. जागा करायला बिचारीला खाली ठेवलं." आजवर लोकांची इतकी वाद्यं हिच्या हाताखालून गेली, एकाची अदलाबदल झाली नाही. झाली ती, ही मलाच जास्त जपायला गेली म्हणून.

"मग ड्रायव्हरनं काय नेलं?" साहेबांनी विचारलं.

ड्रायव्हरला सवय दारापाशी असेल ते उचलायची. त्यानं बिचारीला पत्ता चिकटवला होता, गाडीत टाकलं होतं, आणि साहेबांना परत येऊन घेतो म्हणून पुढच्या गल्लीत गेला होता. बिचारी कार्यक्रमाला निघाली होती.

मला ओरडायचं होतं. त्यासाठी कारण एवढं भक्कम होतं की असं परत आयुष्यात मिळायचं नाही. पण ताईकडे बघितलं आणि ओरडायचं राहून गेलं. ती खोक्यातलं भरण मूठमूठ काढून पायरीवर ठेवत होती आणि पुन्हा खोक्यात भरत होती. मी खाली बसलो आणि व्हायोलिन उचललं. उजेडात धरून कडा बघितल्या, जोड बघितले, आत टॉर्च मारून काडी बघितली. उभी होती. घोडी उभी होती. पॉलिशवर नखाएवढा ओरखडा नव्हता. मी दुसऱ्यांदा बघितलं, कारण माझा विश्वास बसत नव्हता. मग तारा सुरात लावून गज फिरवला. वाजवण्यात मी ढ आहे, तरी सूर आला, आणि माझा जीव भांड्यात पडला.

"काही झालेलं नाही," मी म्हटलं. "ताई, बघ तरी. काही झालेलं नाही."

ती म्हणाली, "मी नाही आता बांधणार. तू बांध."

"मी बांधलं तर हे दारापर्यंतसुद्धा पोचायचं नाही," मी म्हटलं, आणि ते खरंच आहे. "सकाळपर्यंत मला एकच धास्ती होती, काय होईल म्हणून. आता काय व्हायचं राहिलंय? ऊठ, बांध."

साहेबांनी तोवर फोन लावला होता. गाडीत चढलेला माल वाटेत उतरवायचा नाही असाही त्यांचा एक नियम होता, तो त्यांनी फोनवर स्वतःच मोडला. ड्रायव्हर धापा टाकत परत आला, बिचारीला वर घेऊन आला आणि काय झालं ते ऐकून जिन्यातच खाली बसला. ताईनं डोळे पुसले, नवा फोम कापला आणि बांधायला घेतलं. या खेपेला कान लावून ऐकताना आम्ही चौघंही श्वास रोखून होतो. खोकं साहेबांनी स्वतः उचललं आणि गाडीत पुढच्या सीटवर मांडीवर घेऊन बसले. जाताना म्हणाले, "तुमच्या खोक्यांचं मी बघतो. बाकीच्यांची नाही सांगत, पण तुमची जातील." ताई म्हणाली, "आणि पुढच्या वेळी आमचा चहा पिऊन जा. आज राहिला."

शनिवारी मी घरात येरझाऱ्या घालत होतो. रविवारी सकाळी फोन आला. मी स्पीकर लावला, कारण ताई माझ्या खांद्याशी येऊन उभी होती आणि लांब व्हायला तयार नव्हती.

"ठेवून घेतेय," बाई म्हणाल्या. मग काही काही बोलल्या, ते मी नीट ऐकलंच नाही. ताईनं माझा दंड घट्ट धरला होता. "पण एक विचारायचंय," बाई म्हणाल्या. "नवं व्हायोलिन सुरुवातीला कोंडल्यासारखं वाजतं. कोणीतरी महिनोन्महिने वाजवावं तेव्हा कुठे मोकळं होतं. हे पहिल्या दिवसापासून मोकळं कसं? कोणाकडून वाजवून घेतलंत?"

मी ताईकडे बघितलं. खोटं बोलणं मला जमत नाही आणि खरं सांगायचा धीर होत नव्हता. ताईनं फोन माझ्या हातातून घेतला आणि सगळं सांगितलं, बिचारी, साहेब, तिची स्वतःची चूक, एकेक पायरीसकट. मला वाटलं, गेलं. आता परत पाठवतात.

मग बाई हसायला लागल्या, आणि हसता हसता त्यांना धाप लागली. "ताई," त्या शेवटी म्हणाल्या, "तुमच्या भावाला सांगा, दुसरं करायला घ्या, माझ्या बहिणीसाठी. आणि तेही त्याच जिन्यावरून पाठवा."