रजियाची तिसरी बरणी

रजियाच्या मुलीचा, नसरीनचा फोन आला तेव्हा माझं नाक बरणीत होतं. लाल दोऱ्याच्या बरणीचं झाकण काढून, डोळे मिटून मी जवसाच्या चटणीचा वास घेत होते. पंधरवडा भरला होता आणि रजियाचा तसा हुकूम होता. सुनेनं फोन माझ्या कानाला लावला. "मावशी, अम्मी गेली," एवढंच नसरीन म्हणाली. मी झाकण लावलं, पुन्हा काढलं, पुन्हा लावलं... आणि वहीत त्या तारखेपुढे लिहिलं, 'खवट नाही.' कुणासाठी लिहिलं, ठाऊक नाही. त्याला आता सव्वा महिना झाला.

रजिया आणि मी नांदेडच्या शाळेत एका बाकावर बसायचो. तिच्या अब्बांचं जडीबुटीचं दुकान होतं. डाळिंबाची साल, जांभळाच्या बिया, आंब्याच्या कोयी... लोक जे उकिरड्यावर फेकत, ते तिच्या घरी डब्यात मानानं बसलेलं असे. ती रसायनशास्त्र शिकून नांदेडलाच कॉलेजात शिकवू लागली. मी लातूरला डाळमिलवाल्यांची सून झाले आणि मिलच्या आवाजावर आवाज चढवून बोलायला शिकले. तेव्हाची मी काय वर्णावी? कमरेला किल्ल्यांचा जुडगा. किल्ल्या लोणच्याच्या कपाटाच्या, पण चालताना तिजोरीच्या असाव्यात अशा वाजवायची.

चाळिशीत असताना एकदा ती लातूरला आली आणि चहा तसाच ठेवून मिलमागच्या तुरीच्या टरफलांच्या ढिगाशी जाऊन बसली. डाळ निघाल्यावर उरलेली ही साल आम्ही जनावरांना घालायचो.

"दोन पोती दे," ती म्हणाली.

"म्हैस घेतलीस का गं?"

"म्हशीपरीस कामाचं हाय. ऊन, किडे, हवा, सगळं या सालीनं अंगावर घेतलं आणि आतला दाणा जपला. तिचा अर्क काढून चटणीत घातला, तर तुझ्या चटणीचं तेल न्हाई जपणार?"

जवस कुटला की त्यातलं तेल हवा लागून खवट होतं. सालीतलं द्रव्य हे खवट होणं लांबवेल, असा तिचा होरा होता. मी समजूतदारपणे मान हलवली. कळलं काहीच नव्हतं, पण मिलमालकिणीनं तसं दिसू द्यायचं नसतं, ही माझी तेव्हाची अक्कल. तिला मात्र माझ्या अकलेशी काही घेणं नव्हतं. माझं नाक हवं होतं. एका लग्नाच्या पंगतीत मी लाडू नुसता नाकाशी नेऊन 'तूप जुनं आहे' असं जाहीर केलं होतं, वरमाय रडली होती, आणि मला त्याचा अभिमान होता.

"कमळे," रजिया म्हणाली, "मला तुझं नाक पाहिजे. तोंड नक्को."

तिनं दोन बरण्या आणल्या. चटणी एकच, तिच्या हातची. लाल दोऱ्याच्या बरणीत टरफलांच्या अर्काची पूड घातलेली, पांढऱ्या दोऱ्याच्या बरणीत काही नाही. तीन महिने कुणी खायची नाही. दर पंधरवड्याला वास घ्यायचा आणि वहीत लिहायचं. सुट्टी लागायच्या आत फरक दाखवला तरच कॉलेजातल्या प्रयोगशाळेतलं एक कपाट तिच्याकडे राहणार होतं. नाही तर विभागप्रमुखांना तिथं जुनी रजिस्टरं ठेवायची होती. ती कपाटाबद्दल बोलायची ते लोक नव्या घराबद्दल बोलतात तसं.

महिना झाला आणि भर दुपारी देगलूरचे पाहुणे न सांगता आले. भाकरी, पिठलं झालं, पण घरातली चटणी संपलेली. मी फडताळासमोर उभी राहिले आणि फार खोल विचार केला. लाल दोऱ्याची टिकणारी, तिला हात लावायचा नाही. पण पांढरी? ती तर नासणारच आहे. नासणार हे ठाऊक असून अन्न ठेवून द्यायचं, ही कुठली रीत? बारा जणांच्या घरात कधी शिळा तुकडा वाया न घालवलेली बाई मी. मी पांढरा दोरा सोडला. पाहुण्यांनी बरणी पुसून खाल्ली. ती नासणं हाच प्रयोग होता, हे मला बरणी घासताना उमगलं.

मग मी काय केलं? रजिया यायच्या आदल्या दिवशी नवा जवस भाजून चटणी कुटली, त्याच बरणीत भरली, दोरा बांधला, आणि वहीतले उरलेले सगळे पंधरवडे एका बैठकीत लिहिले. संशय नको म्हणून दोन पेनं वापरली.

रजियानं लाल बरणी हुंगली, खूश झाली. पांढरी हुंगली. पुन्हा हुंगली. बोटावर घेऊन चाखली.

"ही बी ताजीच हाय की."

"हाव," मी म्हणाले, "लातूरची हवा लई चांगली."

तिनं माझ्याकडे पाहिलं, वहीत काहीतरी लिहिलं आणि चहा मागितला. त्या सुट्टीत तिचं कपाट गेलं. घराच्या गच्चीवर पत्रा टाकून ती टरफलं उकळू लागली. मला सगळं सांगून टाकायचं होतं. पण खरं बोलायचं तर तोंड लागतं, आणि माझं तोंड नको त्या वेळीच चालायचं.

पुढच्या वर्षी ती तीन बरण्या घेऊन आली. तिसरीला दोराच नव्हता.

"ही कशाला?"

"खायला. त्या दोघींकडं बघायचं बी न्हाई."

मला वाटलं, किती मायाळू बाई, हिला काही कळलेलं नाही. त्या खेपेला पांढरी अशी खवटली की दारातून वास यावा, आणि लाल चांगली राहिली. मग शेंगदाणा, कारळं... कितीतरी वर्षं बरण्या येत राहिल्या, नेहमी तीन. आज इस्लापूरकडच्या बायकांचा एक गट तिची पूड घालून चटण्या विकतो. मी मात्र दर भेटीला "रजे, एक सांगायचंय" म्हणून सुरू करायची. या शेवटच्या बरण्या घेतानाही केलं. ती म्हणाली, "आधी पिशवी नीट धर. फुटतील."

भेटायला नांदेडला गेले तेव्हा नसरीननं ती पहिली वही माझ्या हातात ठेवली. माझ्या दोन पेनांच्या खाली रजियाचं बारीक अक्षर : 'पांढरी कमलनं खाल्ली. लसूण तिच्या हातचा. पुढच्या वेळी खायला वेगळी बरणी द्यावी.'

"मग तिनं कॉलेजात सांगितलं का नाही? कपाट वाचलं असतं," मी विचारलं.

"मी बी तेच म्हणायची. अम्मी म्हणायची, कमळीला लाज वाटली तर ती परत बरणी ठेवून घेणार न्हाई. कपाट दुसरं मिळंल."

काल या शेवटच्या बरण्यांचे तीन महिने पुरे झाले. पांढरी खवट, लाल चांगली. एकाच पेनानं लिहिलं. तिसरी बरणी मी उघडलीच नव्हती. सून म्हणाली, "आत्या, खाऊन टाका, नासून जाईल." मी म्हटलं, "नासू दे." जन्मात पहिल्यांदा म्हटलं.

आज सकाळी मात्र राहवलं नाही. झाकण काढून नाक घातलं... चटणी ताजी होती. पांढरीबरोबरच भरलेली, तिच्याच शेजारी उभी, आणि ताजी. खायच्या बरणीतही रजिया टरफलांची पूड घालत आली होती. मला एका शब्दानं बोलली नव्हती.

मी भाकरी मागितली.