गोराईहून आणलेली क्रूझर

भांडुपच्या बाजारात सुक्या जवळ्याचा वास आला. गोराईच्या एकाकडून घेतलेली जुनी क्रूझर बाइक आठवली, आमच्या घरातली पहिली गाडी. तिच्या चामडी बॅगांतून तो मासळी न्यायचा. विकताना वर अत्तर शिंपडलं होतं.

घेतली त्या दिवशी ती चालवत घरी नेली की आई ओवाळणार होती. मरोळला मित्र सचिन मागे बसून शिकवत होता. "क्लच हळू सोड रे." गाडी आडवी झाली, बॅगेतलं कुजकं, चिकट पाणी माझ्या पँटवर सांडलं. मी तिथेच ओकलो.

घरी ढकलत नेली. आईने पदर नाकाला लावला.

"मासे आपण खातो बाबू, ओवाळत नाही."

माझा चेहरा पाहून तिने निरांजन खाली ठेवलं, बादली आणली आणि हात थेट त्या बॅगेत घातला.