कांद्याच्या लागणीतले वडील

आज नारायणगावच्या बाजारात कांद्याच्या रोपांचा ओला, तिखट वास आला आणि वडील आठवले. हृदयाच्या ऑपरेशननंतर, डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून, आम्ही त्यांचं शेतात जाणं बंद केलं होतं. दिवसभर ओट्यावर बसून ते मुके झाले, जेवण तुटलं. एकदा आईला म्हणाले, "आता माझा काय उपेग?" त्याच आठवड्यात एका दुपारी ते घरात दिसेनात. मी धावत विहिरीवर गेलो, काठावर पालथा पडून काळ्या पाण्यात बघत हाका मारत राहिलो. शेवटी ते सापडले शेजाऱ्याच्या वावरात. लागणीच्या बायांच्या ओळीत बसून रोपं लावत होते, हात कोपरापर्यंत चिखलाने भरलेले. मी दंडाला धरलं तसे त्यांनी तेच हात जोडले. "घरी नको नेऊ रं. हितं डोकं शांत ऱ्हातं. नुसतं बसलो का इहिरीकडं पाय वळत्यात." मी इतका भेदरलो, की त्यांना गाडीवर बसवून घरी आणलंच. विहिरीत ते गेले नाहीत; दोन महिन्यांत खाटेवरच, भिंतीकडे तोंड करून संपले. डॉक्टरांनी फक्त जड उचलू नका म्हटलं होतं. बाकीचं सगळं मी ठरवलं होतं, हे आईला अजून सांगितलेलं नाही.