बिननारळाचं साउथ

चित्रकला शिकवणाऱ्या माणसाच्या घरात दुसरं कोणी चित्रं काढायला लागलं, की त्याच्यासारखा ताप नाही. मी धुळ्यात, देवपूरच्या एका शाळेत तेवीस वर्षं ड्रॉइंग शिकवते आहे. मुंबईला राहून पाच वर्षांचा डिप्लोमा केलेला आहे, आणि तो केल्याचं चारचौघांत सांगायची संधी मी सहसा सोडत नाही. अशा बाईच्या वडिलांनी सत्तरीला टेकल्यावर तिच्याच उरल्यासुरल्या तैलरंगाच्या ट्यूबा उघडाव्यात, हे काही माझ्या पचनी पडलं नाही.

आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, उभा जन्म ट्रक चालवला. खानदेशातल्या जिनिंगमधून कापसाच्या गाठी भरायच्या आणि खाली थेट कोइमतूरच्या सूतगिरण्यांपर्यंत पोचवायच्या. वय झालं तशी मालकानं गाडी दुसऱ्याच्या हाती दिली, आणि आबा पारोळ्याला घराच्या ओट्यावर बसून राहिले. मला वाटलं, आता पत्ते खेळतील, भजनाला जातील, पेन्शनीतल्या म्हाताऱ्यांशी राजकारणावर भांडतील. दिवाळीला गेले तर ओट्यावर हार्डबोर्डचे तुकडे वाळत घातलेले, वहीच्या पानाएवढे, आणि घरभर जवसाच्या चटणीचा वास. रंगात घालायचं तेल त्यांनी घाण्यावरून आणलं होतं. चटणीवर घेतो तेच.

"आबा, हे तेल चालत नाही," मी म्हटलं. "रंगाचं तेल वेगळं मिळतं, शुद्ध केलेलं. हे पिवळं पडेल."

"पडू दे. तठे बठ्ठं पिवयंच शे," आबा म्हणाले. तिकडे सगळं पिवळंच आहे म्हणे.

आबा माझ्याशी अहिराणीत बोलतात. मी त्यांना शाळेतल्या मराठीत उत्तरं देते. ही माझी जुनी खोड आहे आणि त्यात मला बरं वाटतं, हेही कबूल करून टाकते.

ते काय काढायचे? सुरुवातीला वस्तू. स्टीलचा डबा. तोंडाशी चेपलेला पाण्याचा कॅन. जॅकचा दांडा, ग्रीसचा डबा, ताडपत्रीच्या दोरीची गाठ. आयुष्यभर गाडीत जे जे हाताशी होतं ते एकेक करून समोर स्टुलावर ठेवायचं आणि बघत बसायचं. मी त्यांना स्थिरचित्र म्हणजे काय ते समजावून सांगितलं. मागे कापड सोडायचं, त्याला चुण्या पाडायच्या, एक उभी वस्तू, दोन आडव्या, थोडी फळं. आबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "रंग सुकस तवलोंग फय सडी जास." रंग वाळेपर्यंत फळ सडून जातं, आणि सडलेलं पाहून काढायचं तर मग ते फळ कसलं, असा त्यांचा हिशेब. पाच वर्षांचा डिप्लोमा मी घडी घालून पर्समध्ये ठेवला.

पुढे ते साउथ काढायला लागले. साउथ हा त्यांचाच शब्द. आपल्याकडे साउथ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे कॅलेंडर उभं राहतं: नारळ, होडी, हिरवं पाणी. आबांच्या साउथमध्ये यातलं काही नव्हतं. माळावर एकटाच उभा असलेला दगडी डोंगर, त्यावर गवताची काडी नाही. टायरवाल्याची टपरी. कोरडं तळं आणि त्यात चरणाऱ्या शेळ्या. दूरवर पवनचक्क्या, एक ताड. आकाश पांढरं. मी विचारलं, आकाशात निळा का नाही? तर म्हणे, दुपारी निळा नसतोच, तू कधी दुपारी आभाळाकडे पाहिलंयस का. आणि प्रत्येक चित्रात खालपासून वरपर्यंत गेलेला काळा रस्ता. माणूस जिथे बसून तीस-पस्तीस वर्षं बाहेर बघत होता, तिथूनच ते सगळं दिसत होतं, जरा उंचावरून.

मी स्टाफरूममध्ये त्या चित्रांवर विनोद करायचे. आमच्या वडिलांचा नवा उद्योग, म्हणायचे, कोइमतूरपर्यंतचा सगळा रस्ता रंगवून काढणार आहेत, मधले टोलनाके धरून. सगळे हसायचे. हौशी माणसाची मला आधीपासून चीड आहे. दोन दिवस ब्रश धरला की ह्यांना भिंत हवी असते.

आबांनाही भिंत हवी होती, हे मला एके दिवशी कळलं. साउथची बारा चित्रं झाली होती. ती घराच्या भिंतीला टेकवून ते म्हणाले, "चार लोके येतस-जातस असा जागावर हाई लागाले पाहिजे, माय."

"कशाला?"

"कोन्ही तरी वळखी."

एवढंच. कौतुक नको, नाव नको. त्या रस्त्यानं गेलेलं कुणीतरी चित्रापुढे थांबावं आणि म्हणावं, अरे, हा तर तो डोंगर, इथे तर आमची गाडी बंद पडली होती. आबांच्या जोडीचे ड्रायव्हर बहुतेक गेले, उरलेले कुठे पांगले देव जाणे. आपण जे पाहिलं ते खरंच तिथे आहे, हे सांगणारं दुसरं माणूस त्यांना हवं होतं. चित्रावर त्यांनी सहीसुद्धा केलेली नव्हती.

गेल्या वर्षी जळगावला प्रदर्शन ठरलं. तिथल्या सधन बायकांचं एक मंडळ आहे. हळदीकुंकू झालं की रक्तदान, रक्तदान झालं की पाककृती स्पर्धा, आणि काहीच उरलं नाही म्हणजे कला. मला निवड समितीवर घेतलं. मी अर्थातच माझी सहा मोठी कॅनव्हास दर्शनी भिंतीवर लावली. निळ्यावर निळं, त्यावर आणखी निळं, अर्थ विचाराल तर मलाही सांगता आला नसता. बाकीच्यांचं काय सांगावं? एकीनं मोबाइलवरून वाघ उतरवून काढला होता, आणि त्या वाघाला माणसाच्या पापण्या होत्या. उद्घाटनाला आलेले बिल्डर त्या वाघापुढे हात जोडून उभे राहिले, कारण फोटोग्राफरनं त्यांना तिथे उभं केलं. भाषणात त्यांनी 'कला' हा शब्द इतक्या वेळा घेतला की शेवटी त्यांनाच खोकला आला. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

एका बाईंची चित्रं आली नाहीत म्हणून मागची भिंत रिकामी राहिली. चहाच्या टेबलामागची, तिकडे कोणी फिरकत नाही. तिथे मी आबांचे साउथ लावले. भिंत उघडी दिसायला नको म्हणून लावले, बाकी काही नाही.

आणि लोक चहाला आले. जळगावच्या माणसाला प्रदर्शनात चित्र दिसो न दिसो, चहा बरोबर दिसतो. त्यात एक डॉक्टर आणि त्यांच्या सौभाग्यवती. नवं हॉस्पिटल बांधत होते. बाईंनी कप हातात घेऊन बाराही चित्रं पाहिली आणि मला हाक मारली.

"साइझ छान आहे हो. कॉरिडॉरला अशी ओळच पाहिजे. कुठलं आहे हे?"

"साउथ," मी म्हटलं.

"साउथ? मग नारळ कुठेत?"

डॉक्टर हसले. बाई हसल्या नाहीत. त्या पुढे म्हणाल्या, "आणि हा रस्ता. हॉस्पिटलात असा लांब निघून जाणारा रिकामा रस्ता बरा दिसतो का? पेशंटच्या माणसांना काय वाटेल? आमचे वास्तूवाले म्हणतात, पाणी दाखवा. रस्त्याच्या जागी पाणी करता येईल ना? एखादी होडी. तुम्ही तर मॅडमच आहात, तुम्हाला काय अवघड."

कोइमतूर कुठल्या दिशेला आहे हे त्या बाईंना नकाशावर दाखवता आलं नसतं, पण तिथे काय उगवतं ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. दुरून डोंगर साजरे, आणि यांना तर डोंगरही साजरा दिसत नव्हता. मला तेव्हा मनापासून तुच्छता वाटली. ती मी चेहऱ्यावर येऊ दिली नाही, कारण डॉक्टर माझ्या मोठ्या निळ्या कॅनव्हासकडे बोट दाखवून म्हणत होते, "रिसेप्शनला ते घ्यायचा विचार आहे."

धुळ्याला येऊन मी आबांना फोन केला. सगळी बाराच्या बारा चित्रं हॉस्पिटलात लागणार म्हटल्यावर आबांनी कोणता दवाखाना ते दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाले, दवाखाना चांगला, तिथे सगळीकडची माणसं येतात.

"आबा, त्यात दोन-चार नारळ टाकले तर?" मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"मी तठे नारयनं झाड देखं नही, माय. दुसरीकडे व्हतीन."

"बरं," मी म्हटलं.

आणि लागोपाठ तीन रविवार मी नारळ काढले. रंग लावायच्या चाकूनं नारळ काढायला चार मिनिटं लागतात. एक वाकडा खोडाचा पट्टा, वर सात-आठ झटके, झालं. मी डोळे मिटून काढू शकते, आणि जवळपास तसेच काढले. रस्त्यांचं पाणी केलं. टायरवाल्याच्या टपरीला झावळ्यांचं छप्पर चढवलं. शेळ्यांवर होडी आली. पांढरं आकाश मला बघवत नव्हतं, म्हणून त्यात नारिंगी घातला, आणि मग डोंगर फार भकास दिसायला लागला, म्हणून त्याला हिरवा दिला. पहिल्या चित्राला मी दाराला कडी लावून घेतली होती. चौथ्यापासून मी रेडिओ लावून बसले. आपण वडिलांची इच्छा पुरी करतो आहोत, असं मी स्वतःला सांगत होते, आणि मला ते पटतही होतं. त्या डॉक्टरीणबाईंना मी मूर्ख म्हणत होते. मूर्ख त्या होत्याच, पण ब्रश माझ्या हातात होता.

हॉस्पिटलच्या उद्घाटनाला आबांना घेऊन गेले. पारोळ्याहून ते पांढराशुभ्र शर्ट घालून निघाले होते, टोपी धुतलेली. दारात झेंडूचे हार, आत फॉर्मलिन आणि पेढे यांचा एकत्र वास. रिसेप्शनच्या भिंतीवर माझं निळं कॅनव्हास नव्हतं, टीव्ही होता. गंमत म्हणजे मला आधी त्याचाच राग आला.

कॉरिडॉरमध्ये बारा चित्रं लागली होती, रुंद सोनेरी चौकटींत. मी आबांच्या दोन पावलं मागे राहिले. त्यांना काय सांगायचं याची वाक्यं मी गाडीत मनात जुळवून आणली होती. लोकांना असंच लागतं, आबा. डोंगर तुमचाच आहे, आबा.

आबा पहिल्या चित्रापुढे थांबले. बराच वेळ पाहिलं. मग खाली वाकले, चष्मा पुढे-मागे केला आणि कोपऱ्यात काहीतरी वाचलं. मीही वाकून पाहिलं. तिथे माझी सही होती. हाताला सवय असते, चित्र संपलं की हात कोपऱ्याकडे जातो. बाराही चित्रांवर मी सह्या करून ठेवल्या होत्या आणि मला पत्ता नव्हता.

"तुनं शे?" आबा म्हणाले. त्यांचा चेहरा खुलला होता. "मस्त शे, माय. गार वाटस देखीसन."

आबा पुढच्या चित्राकडे गेले, मग त्याच्या पुढच्या. प्रत्येकापुढे थांबून मान डोलवत होते, लेकीचं काम पाहणाऱ्या बापानं डोलवावी तशी. जो डोंगर त्यांनी वर्षानुवर्षं काचेतून पाहिला, त्याच्यासमोर ते उभे होते आणि त्यांना तो ओळखू आला नाही. त्या बिल्डरची, वाघाची, नारळवाल्या बाईंची मी आजवर जेवढी टिंगल केली, ती सगळी एकत्र केली तरी त्या कॉरिडॉरमध्ये मला स्वतःची जी किळस आली तिच्याजवळ पोचली नसती.

बारावं चित्र पाहून झालं. आबा वळले, पुढची भिंत पाहिली, मागची पाहिली.

"आते मना कोठे शेतस?" त्यांनी स्वतःची चित्रं विचारली.

"वर," मी म्हटलं. "वरच्या मजल्यावर."

का म्हटलं ते माहीत नाही. लिफ्ट अजून सुरू झालेली नव्हती. आबांनी कठड्याला हात लावला आणि जिना चढायला सुरुवात केली. मी त्यांना थांबवायला हवं होतं. मी मागून चढत राहिले.

वर कोणीच नव्हतं. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या खाटा, ओल्या डिस्टेंपरचा वास, कोऱ्या भिंती. आबा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेले, दोन खोल्यांत डोकावून आले. मी जिन्याशीच उभी होते.

"नही लावात अजून," ते परत येऊन म्हणाले. माझा चेहरा पाहून त्यांना वाटलं असावं, मीच हिरमुसले आहे. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "लावतीन. घाई काय शे?"

खाली उतरताना ते मध्येच थांबले आणि म्हणाले, "साउथले गयेल एखादा ड्रायव्हर ई ना कधी दवाखानामा. तो वळखी."

मी म्हटलं, "हो आबा. ओळखेल."