दोरी द्यायच्या आधी

होडी विकायचं ठरलं तेव्हा मामा, म्हणजे माझे सासरे, दोन दिवस धड जेवले नाहीत. माजलगावच्या धरणावर त्या होडीनं आमचं घर चौदा वर्षं पोसलं. नवऱ्याचा खांदा निकामी झाला, जाळं ओढवेना. होडीच्या पैशात दिंद्रुडला मासळीचा गाळा घ्यायचा होता. ते पैसे बुडाले असते तर होडीही गेली असती आणि गाळाही, मग आम्ही काय हवा खायची?

मी तोंडानं फटकळ. लग्नाआधी चार वर्षं झेरॉक्सच्या दुकानात लोकांचे अर्ज भरलेत, त्यामुळे कागद हातात आला की आधी त्यातली मोकळी जागा शोधायची सवय.

आमच्याकडं बैलबाजाराची रीत होडीलाही चालते. मालकानं दोरी घेणाऱ्याच्या हातात दिली की माल त्याचा. त्यानंतर पैशाचा विषय काढणं म्हणजे समोरच्याची बेअब्रू. मामांनी याच रीतीनं एकदा म्हैस दिली होती. निम्मे पैसे आले, उरलेले अजून यायचेत. म्हशीचा विषय निघाला की मामा उठून बाहेर जायचे.

होडी घेणारे गेवराईकडचे एक चाचा होते, मामांच्याच वयाचे, मासे धरणारे. बॉन्ड मी स्वतः लिहिला. इंजिनचा नंबर, होडीवर रंगवलेला नंबर, 'जशी आहे तशी पाहून घेतली', पैसे कुणाच्या खात्यात येणार, सगळं. तारखेपुढं वेळसुद्धा घातली. संध्याकाळी कुणी त्या होडीतून पाण्यात पडलं तर पोलिसांनी मामांच्या दारात का यावं? आधारच्या झेरॉक्सवर आडवी रेघ मारून 'फक्त होडी विक्रीसाठी' असं लिहिलं.

मामा बघत होते. म्हणाले, "तुमच्या लग्नाचं बी एवढं लिहिलं न्हवतं."

मामांच्या फोनवर खातं नाही, म्हणून पैसे माझ्या खात्यात यायचे होते. सकाळी चाचांना आधी एक रुपया टाकायला लावला. तो आला. मग आम्ही सगळे पाण्याकडं गेलो. होडी न्यायला चाचांनी ठरवलेला टेंपो उभाच होता. चाचांनी फोनवर ऐंशी हजार टाकले आणि फोन आमच्याकडं फिरवला. हिरवी खूण दिसत होती. मामांनी खुंटीची दोरी सोडली.

माझ्या फोनवर काहीच आलं नव्हतं. मी पदर खोचला आणि होडीत जाऊन बसले.

"बाई, उतर खाली. माणसाचा अपमान करायलीस," मामा म्हणाले.

"अपमान झाला तर मी पाया पडंन, मामा. पैसे गेले तर कुणाच्या पाया पडू?"

काठावरची चार माणसं हसली. अर्धा तास गेला. चाचांचा चेहरा उतरला. "बेटी, मी काय चोर हाय का?" त्यांनी विचारलं. माणूस सरळ होता, दिसतच होतं. पण सरळ माणसाचेही पैसे आल्याशिवाय आलेले नसतात.

"चोर न्हाई चाचा. फोन द्या इकडं, नाव वाचते."

हिरव्या खुणेखाली माझं नाव नव्हतंच. टेंपोवाल्याचं होतं. मला रुपया टाकल्यावर, पाण्याकडं येताना चाचांनी त्याला डिझेलचे पैसे टाकले होते, ते नाव यादीत सगळ्यात वर आलेलं. चष्मा राहिला होता गेवराईला. वरचं नाव दाबून चाचा मोकळे झाले होते.

टेंपोवाल्याचा फोन केबिनमध्ये चार्जिंगला होता. त्यानं उघडून बघितला आणि तो बिचारा खालीच बसला. तिथल्या तिथं त्यानं पैसे माझ्याकडं वळते केले. मेसेज आला. मेसेजवर माझा भरवसा नाही, म्हणून खातं उघडून शिल्लक बघितली, मगच होडीतून उतरले.

"तू बसली न्हसतीस तर माझे ऐंशी हजार डिझेलमधी गेलते," चाचा म्हणाले. आता तेच सगळ्यात जास्त हसत होते. सह्या झाल्या, साक्षीदारांचे अंगठे झाले. एक प्रत त्यांना, एक आम्हाला.

मामा दोरी धरून तसेच उभे होते. मग माझ्याकडं आले आणि ती माझ्या हातात ठेवली. "तू दे," म्हणाले.

आमच्यात बाईच्या हातून दोरी दिलेली मी तरी पाहिली नव्हती. मी चाचांच्या हातात दिली तेव्हा मान ताठ होती माझी, आणि ती का नसावी?

घरी येताना मामा पुढं चालत होते. फाट्यापाशी आल्यावर थांबले.

"म्हशीच्या वक्ताला," ते म्हणाले, "तू असायला पाहिजे व्हतीस."